सत्तेचाळिसावा प्रश्न

सांगलीत मराठीचे अध्यापन करणाऱ्याला नाटकापासून सुटका नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केले ते इथेच. देवल इथून हाकेच्या अंतरावरील हरिपूरचे. खाडिलकर तर सांगलीचेच. मद्यपानाविषयीची आपली दोन महत्त्वाची नाटके मी वर्गात नेहमी जोडीने शिकवीत असे: खाडिलकरांचे 'विद्याहरण' (१९१३) आणि गडकऱ्यांचे 'एकच प्याला' (१९१९). पहिल्यात शुक्राचार्य मद्याबरोबर आपल्याच शिष्याची राख पिऊन टाकतात आणि शुद्धीवर आल्यावर मद्याचा धिक्कार करतात. दुसऱ्यात सुधाकराची सनद काही काळापुरती रद्द होते, अपमानाने तो होरपळतो आणि तळीराम त्याच्यापुढे पेला करतो. दोन्ही ठिकाणी दोष पेल्याचा. मनुष्य आधी बुद्धिमान, तेजस्वी असतो. पेला त्याच्या आयुष्यात बाहेरून येतो. गडकऱ्यांचे शीर्षक हाच मुळी एक सिद्धांत आहे. १९७५ साली डेनिस कँडेल या विदुषीने अमेरिकन किशोरांच्या नशेच्या पायऱ्या मांडल्या: आधी बिअर वा वाइन, मग सिगारेट किंवा कडक दारू, मग गांजा, मग पुढचे पदार्थ. पुढे त्यातून 'प्रवेशद्वारा'ची कल्पना रूढ झाली. पहिल्या पेल्यालाच दार मानणाऱ्या मराठी प्रेक्षकाला त्यात फारसे नवे वाटू नये.

वर्गात दरवर्षी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे 'सुधाकर का पितो?' सनद, अपमान, तळीराम, दुबळा अहंकार ही उत्तरे विद्यार्थी व्यवस्थित लिहीत. सुधाकराच्या घराण्यात आधी कोणी पीत होते का, हा मात्र नाटकाचा विषयच नाही; आणि त्याचे मूल नाटकातच मरते, त्यामुळे पुढच्या पिढीचे काय झाले हेही विचारण्याची सोय उरत नाही. त्याआधीच्या युरोपीय कादंबरीने नेमके हेच विचारले होते. झोलाने १८७१ ते १८९३ या काळात एकाच कुटुंबावर वीस कादंबऱ्या लिहिल्या. 'लासोम्वार'मधली जर्व्हेझ दारूत बुडते आणि तिच्या मुलांच्या वाट्याला तो वारसा वेगवेगळ्या रूपांत येतो. कुणाकडे दारूची ओढ म्हणून, तर कुणाकडे चक्क खुनाची ऊर्मी म्हणून. झोलाचे आनुवंशविज्ञान कच्चे होते. पण एका गोष्टीत तो आपल्या नाटककारांच्या पुढे होता: वारसा एका रूपात येतो आणि दुसऱ्या रूपात प्रकट होतो, हे त्याने कथानकात खेळवले.

मराठीत हे काम नाटकाने सोडून दिले आणि म्हणींनी उचलले. 'खाण तशी माती' हे वाक्य गेल्या तीन वर्षांत मी आमच्या घरासंबंधी दोनदा ऐकले. एकदा दबक्या आवाजात आणि एकदा अगदी तोंडावर. म्हणून हा लेख.

आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. नोकरीमुळे मी सांगलीकर झाले. पण दोन्ही जिल्हे मला कधी परके वाटले नाहीत, कारण १९४९ साली सांगली जिल्हा झाला तो 'दक्षिण सातारा' या नावानेच आणि १९६० पर्यंत तेच नाव राहिले. आमच्या आजोबांचे थोरले बंधू गांजा ओढीत. गावाबाहेरच्या देवळात एक गोसावी मुक्कामाला असे, त्याच्याशेजारी ते संध्याकाळी बसत. गांजा तळहातावर चोळायचा, त्यात तंबाखू मिसळायची, छापी ओली करून चिलमीच्या तळाशी गुंडाळायची, हे सारे ते पूजेच्या संथपणाने करीत. त्यांनी कधी कुणाला शिवी दिली नाही, कधी जमीन विकली नाही. घरात त्यांना 'व्यसनी' म्हटल्याचे मला आठवत नाही, 'देवमाणूस' म्हणत. आजी मशेरी लावी. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, तिची पूड डबीत भरायची आणि दिवसातून चार-पाच वेळा दातांवर फिरवायची. तो करपट वास म्हणजेच आमच्या लेखी आजीचा वास. वडिलांनी, तात्यांनी, जन्मात सुपारीचे खांडसुद्धा तोंडात टाकले नाही. त्यांचे धाकटे बंधू, आमचे काका, दारूने गेले. यकृत निकामी झाले तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते.

आणि आता माझा भाचा. भावाचा मुलगा म्हणजे खरे तर पुतण्याच. पण लहानपणापासून माझ्याकडे राहिल्याने शेजारीपाजारी त्याला 'बाईंचा भाचा' म्हणत आणि तोच शब्द तोंडी बसला. बारावीच्या वर्षी गांजा, वसतिगृहात दारू, नंतर झोपेच्या गोळ्या. तो आज सव्वीस वर्षांचा आहे आणि चौदा महिने झाले, काहीही घेत नाही. त्याची बहीण त्याच घरात, त्याच ताटात वाढली. तिला यातल्या कशाचीच गोडी लागली नाही.

उपचारासाठी दाखल करताना एक छापील अर्ज भरावा लागला. (केंद्राचे नाव देण्याचे कारण नाही.) आपल्याकडे या विषयावर उघडपणे बोलण्याची वाट ज्यांनी पाडली त्यांत साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे 'परिवर्तन' आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी उभे केलेले 'मुक्तांगण' आहे. तरीही अर्जापुढे बसलेल्या माणसाचा हात अडखळायचा तो अडखळतोच. 'कुटुंबात इतर कोणास व्यसन' या रकान्यापुढे एकच ओळ होती. भावाने थोडा वेळ पेन धरून ठेवले आणि लिहिले: 'एक चुलते, दारू.' थोरले आजोबा त्यात नव्हते, आजी नव्हती. भाऊ काही लपवीत होता असे मुळीच नाही. ती दोन माणसे त्या रकान्यातली आहेत, हे त्याच्या मनातच आले नाही.

हा रकाना फार जुना आहे, हे मला नंतर वाचनात आढळले. १८९३ साली ब्रिटिश सरकारने गांजा, भांग आणि चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्याने हिंदुस्थानभर फिरून अकराशे त्र्याण्णव साक्षीदारांची मते घेतली. मुंबई इलाख्यातील साक्षीही त्यांत आहेत. सर्वांना एकच प्रश्नावली होती. त्यातला सत्तेचाळिसावा प्रश्न असा: या पदार्थांचे नित्याचे माफक सेवन ही आनुवंशिक सवय दिसते काय, किंवा सेवन करणाऱ्याच्या मुलांवर तिचा काही परिणाम होतो काय? अठ्ठेचाळिसावा प्रश्न तोच, अतिसेवनाविषयी. मेंडेलचा निबंध १८६६ पासून धूळ खात पडला होता आणि १९०० पर्यंत त्याच्याकडे कुणी वळणार नव्हते. म्हणजे आनुवंशिकतेचे नियम ठाऊक नसताना हा प्रश्न विचारला जात होता. अनेक साक्षीदारांनी त्याचे उत्तर एका शब्दात दिले, 'नाही'. कुणी म्हणाले, मुले बापाचे पाहून शिकतात. आणखी एका ठिकाणी आयोगाने विचारले की गांजा बंद केला तर लोक दारूकडे वळतील काय. हे दोन प्रश्न एकमेकांचे सख्खे आहेत असे मात्र आयोगाला सुचले नाही. सुचायला शंभर वर्षे लागली.

ती शंभर वर्षे बहुतांशी जुळ्यांच्या अभ्यासात गेली. यातील तर्क आमच्या कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला पटकन कळेल. ऊस बियांपासून लावीत नाहीत, कांडीपासून लावतात. को ८६०३२ चे बेणे एका शेतातून दुसऱ्या शेतात गेले तरी ते तेच राहते. एकाच बेण्याचे दोन तुकडे म्हणजे एकसारखी जुळी. ती एकमेकांशी किती जुळतात आणि साधी भावंडे किती जुळतात, या फरकावरून वारशाचा वाटा काढता येतो. २०१० साली अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. गांजा ओढायला सुरुवात करण्यात वारशाचा वाटा पुरुषांत सुमारे ४८ आणि स्त्रियांत ४० टक्के. त्याच्या कह्यात जाण्यात पुरुषांत ५१ आणि स्त्रियांत ५९ टक्के. या आकड्यांचा अर्थ 'माझ्या भाच्याचे अर्धे व्यसन रक्तातले आणि अर्धे वसतिगृहातले' असा होत नाही. आकडा माणसाचा नसतो, माणसामाणसांतल्या फरकांचा असतो. साऱ्या गावाने एकच बेणे लावले तर उताऱ्यातला फरक फक्त जमिनीचा आणि पाण्याचा उरेल आणि वारशाचा वाटा शून्य निघेल. म्हणून काही ऊस बियाण्यावाचून उगवत नाही. तेव्हा अमेरिका-ऑस्ट्रेलियातील आकडा कोरेगावास जसाच्या तसा लागू करणे धाडसाचे आहे.

मला आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. केनेथ केंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली व्हर्जिनियातील पुरुष जुळ्यांत गांजा, कोकेन, अफूचे प्रकार अशा सहा गटांची एकत्र तपासणी केली. वारसा गांजाचा वेगळा, कोकेनचा वेगळा असा निघाला नाही. सर्वांखाली बहुतांशी एकच कल होता. कोणता पदार्थ हाती लागतो, हे घरदार, संगत, गाव आणि काळ ठरवतात. २००७ च्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात दारू आणि तंबाखूही आली, आणि तो कल जरासा दुभंगला: एक बेकायदा पदार्थांकडचा, दुसरा कायद्याने चालणाऱ्या पदार्थांकडचा, पण दोन्ही एकमेकांशी घट्ट बांधलेले. (चहा-कॉफीचा कल मात्र बराचसा स्वतंत्र निघाला. तात्यांच्या दिवसाकाठच्या सहा कपांविषयी मी उगाच चिंतेत होते.)

या निष्कर्षाने आमच्या घराची वंशावळ मला पुन्हा वाचावी लागली. जिला आम्ही तीन वेगवेगळ्या माणसांच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी समजत होतो, एक भक्तीची, एक दातदुखीची, एक नाशाची, ती कदाचित एकच गोष्ट असेल. शिवाय 'घराण्याचे रक्त' म्हणताना आपण फक्त पुरुषांची ओळ मोजतो. आजी तर दुसऱ्या गावाहून, दुसऱ्या घरातून आलेली. तिच्या माहेरची माती आमच्या खाणीत कधी मोजली गेली नाही. निसर्गाच्या हिशेबात मात्र तिचा वाटा आजोबांइतकाच आहे.

गेल्या काही वर्षांत हा शोध थेट जनुकांपर्यंत पोचला आहे. २०२० साली सुमारे २१ हजार गांजाग्रस्त व्यक्तींच्या जनुकसंचाची तुलना साडेतीन लाखांहून अधिक इतरांशी करण्यात आली, तेव्हा दोन जागा ठळकपणे समोर आल्या. एक जागा मेंदूतील निकोटिनच्या ग्राहकाशी संबंधित जनुकाची. म्हणजे गांजाच्या व्यसनाचा माग काढीत जावे आणि तंबाखूच्या उंबऱ्यावर पोचावे, असा प्रकार. दुसरी जागा 'फॉक्सपी-टू' नावाच्या जनुकाजवळची. भाषेच्या अभ्यासकांना हे नाव परिचित असेल: लंडनमधील एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांतील निम्म्या व्यक्तींना उच्चार आणि वाक्यरचना साधत नव्हती, त्यामागे याच जनुकातला बिघाड असल्याचे २००१ साली सिद्ध झाले आणि वृत्तपत्रांनी त्याला 'भाषेचे जनुक' करून टाकले. भाषेचा आणि गांजाचा उगम एकच, असल्या काव्यात्म निष्कर्षाकडे आपण साहित्यवाल्यांनी धावू नये. एकच जनुक शरीरात अनेक कामांना जुंपलेले असते, एवढाच त्याचा बोध. २०२३ साली तर दारू, तंबाखू, गांजा आणि अफूवर्गीय पदार्थ या चारही व्यसनांची दहा लाखांहून अधिक लोकांमधील माहिती एकत्र करून त्यांना समान असलेल्या एकोणीस जागा दाखविण्यात आल्या. त्यांचा संबंध मुख्यतः मेंदूतील डोपामिनच्या नियमनाशी आहे. एकेका जागेचा परिणाम मात्र अगदी किंचित असतो, आणि या अभ्यासांतील बहुसंख्य माणसे युरोपीय वंशाची आहेत. आमच्या आजीचा त्यांत कुठे पत्ता नाही.

शब्दांचा धंदा असल्याने मला इथे 'व्यसन' या शब्दापाशी थांबावेसे वाटते. संस्कृतात त्याचा एक अर्थ संकट असा आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळावयाची अठरा व्यसने सांगितली आहेत. कामातून येणारी दहा, क्रोधातून येणारी आठ. मृगया, द्यूत, दिवसा झोपणे, मद्य, गाणेबजावणे, निरुद्देश भटकणे हे सारे एका यादीत आहे आणि दोन्ही गटांचे मूळ एकच, लोभ, असे म्हटले आहे. प्राचीनांना जनुके ठाऊक होती असले काही मला सुचवायचे नाही; त्या पुस्तकाच्या इतर मतांबद्दल तर बोलायलाच नको. पण वस्तू अनेक आणि ओढ एक ही कल्पना शब्दाच्या पोटात होती. आपण ती विसरलो आणि पदार्थांची जातवारी लावली: मशेरी सोवळी, तंबाखू चालण्यासारखी, दारू वाईट, गांजा साधूने ओढला तर भक्ती आणि पोराने ओढला तर गुन्हा. कायद्यानेही तेच केले. १९८५ च्या कायद्यात त्याच झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि तो गुन्हा; शेंड्यांवेगळी नुसती पाने मात्र त्या व्याख्येबाहेर. २०१९ च्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणानुसार वर्षभरात भांग, गांजा वा चरस घेतलेले भारतीय सुमारे ३ कोटी १० लाख होते आणि दारू पिणारे १६ कोटी. भीती कशाची वाटावी याचे आपले प्रमाण या आकड्यांशी जुळत नाही. अर्थात संगतीचे आणि उपलब्धतेचे महत्त्व कमी लेखून चालणार नाही. २०२४ साली कुपवाड आणि इरळी येथे, २०२५ च्या आरंभी विट्याजवळ मेफेड्रोनचे साठे व कारखाने पोलिसांनी पकडले. थोरल्या आजोबांच्या काळी पारावर जे मिळत होते आणि आज मोटारसायकलवरून वसतिगृहाच्या दारात जे पोचते, त्यांत फार अंतर आहे.

म्हणूनच गडकऱ्यांना निकालात काढता येत नाही. २००३ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जुळ्यांच्या अशा ३११ जोड्या तपासल्या की ज्यांतील एकाने सतराव्या वर्षाआधी गांजा ओढला होता आणि दुसऱ्याने नाही. घर एक, वारसा बराचसा एक, कित्येकांत तर तंतोतंत एक. तरीही लवकर सुरुवात करणाऱ्यात पुढे इतर नशा आणि दारूची गुलामी आढळण्याची शक्यता दुसऱ्याच्या दुप्पट ते पाचपट होती. म्हणजे पहिल्या पेल्याचे, किंवा त्याच्या वेळेचे, काही देणे लागतेच. ते त्या पदार्थाचे, की त्याबरोबर आलेल्या मित्रमंडळाचे, याचा उलगडा या अभ्यासानेही पूर्ण होत नाही.

हे सर्व वाचन मी विद्वत्तेसाठी केले नाही. उपचारांच्या चौथ्या महिन्यात भाचा सुटीवर आला होता. रात्री जेवणे झाल्यावर भांडी विसळताना त्याने विचारले, "आत्या, हे माझ्यात काकाआजोबांकडनं आलंय का गं?" प्रश्न साधा नव्हता. 'हो' म्हटले असते तर त्याने हात टेकले असते. 'नाही' म्हटले असते तर सारा दोष एकट्या त्याच्या माथी आला असता. मी त्याला ताबडतोब काही सांगितले नाही. महिनाभर वाचले आणि मग सांगितले. सांगितले ते एवढेच, की ओढ आली असेल. पण ती गांजाची किंवा दारूची म्हणून आलेली नाही आणि ती फक्त काकांकडून आली असेही नाही. त्यामुळे 'दारू सोडली, आता गांजा चालेल' किंवा 'गांजा सोडला, आता तंबाखू चालेल' हा हिशेब त्याच्या बाबतीत बसणार नाही. आणि तात्यांचे उदाहरण दिले. ओढ त्यांच्याही वाट्याला आली असेल काय? त्यांचे ते सुपारीलाही न शिवणे आम्हांला सनातनी कडकपणा वाटे. थोरल्या चुलत्यांना आणि धाकट्या भावाला त्यांनी अगदी जवळून पाहिले होते. त्यांनी स्वतःविषयी काही ओळखले होते की काय, हे विचारायला ते आज नाहीत.

भाच्याने त्यावर काही भाष्य केले नाही. बहिणीसाठी मात्र तो अस्वस्थ होता, कारण तिला स्थळ आले होते आणि मुलाच्या मामांनी 'घराणं कसं आहे' अशी चौकशी चालवली होती. भावाचे मत गप्प राहावे असे. भाचीने स्वतःच मुलाला भेटून सारे सांगितले. थोरल्या आजोबांपासून, मशेरीच्या डबीसकट. मुलगा म्हणाला, आमच्याकडे आजोबा आणि दोन मामा आहेत. लग्न ठरले की नाही हे सांगण्याची मला अजून परवानगी नाही.

गेल्या महिन्यात वार्षिक तपासणीच्या वेळी तोच अर्ज पुन्हा भरायचा होता. या वेळी तो भाच्याने भरला. ओळ पुरेना म्हणून कागद उलटून मागच्या बाजूला लिहिले: चुलत पणजोबा, गांजा, चुलत आजोबा, दारू, पणजी, मशेरी. पणजीच्या नावापुढे 'किती वर्षे' येथे अडला आणि त्याने मला फोन केला. मी हिशेब केला. लग्न होऊन आली तेव्हा आजी तेरा वर्षांची होती, पहिल्याच पावसाळ्यात दाढ दुखली म्हणून सासूने बोटावर मशेरी दिली. आणि गेली तेव्हा ती एक्क्याऐंशी वर्षांची होती. म्हटले, अडुसष्ट लिही.